तोंडाने शिरेत, हाताने मांडीत

“ॲड्रेनलिन. पूर्ण ॲम्प्युल. शिरेतून, लगेच,” डॉ. इनामदार म्हणाले.

“ॲड्रेनलिन, पूर्ण ॲम्प्युल, शिरेतून,” शेळके सिस्टरांनी खणखणीत आवाजात परत म्हटलं. मागे पॅड घेऊन उभ्या असलेल्या नितीन ब्रदरने तेच शब्द लिहून घेतले. आणि सिस्टरांनी इंजेक्शन पेशंटच्या मांडीत दिलं.

मी पायाच्या बाजूला उभी होते. डॉक्टर डोक्याकडे, ऑक्सिजनच्या मास्कमध्ये गुंतलेले. नितीन सिस्टरांच्या पाठीमागे. त्यामुळे सिस्टरांचे हात फक्त मला दिसत होते. आधी वाटलं, मी चुकीचं बघितलं.

पेशंट रबराचा होता. त्याला मॅनिकिन म्हणतात. माणसाच्या मापाचा पुतळा, छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, आणि त्याचं ब्लडप्रेशर आम्ही लॅपटॉपवरून हवं तेवढं खाली आणू शकतो. लोणावळ्यातल्या एका हॉटेलचा लग्नाचा हॉल आम्ही ट्रेनिंगसाठी घेतला होता. शनिवार-रविवारी तिथे पर्यटक आणि वऱ्हाडं असतात, मधल्या वारी हॉल रिकामा. स्टेजवर दोन सोनेरी खुर्च्या तशाच होत्या. त्यांच्या समोर स्ट्रेचरवर आमचा पुतळा. मावळातली मंडळी त्याला ‘पाहुणा’ म्हणायची, कारण त्यांच्या इमर्जन्सीत येणारे निम्मे लोक गडावर नाहीतर धबधब्यावर आलेले पाहुणेच असतात.

मी इमर्जन्सी मेडिसिनची डॉक्टर आहे. ग्रामीण भागातल्या डॉक्टर-नर्सना तातडीच्या उपचारांचं ट्रेनिंग देणाऱ्या एका प्रकल्पात असेसर, म्हणजे परीक्षक, म्हणून काम करते. सलाईन लावता येतं का, छाती नीट दाबता येते का, ते दुसरे लोक तपासतात. माझ्याकडे नॉन-टेक्निकल स्किल्स. म्हणजे हात सोडून बाकी सगळं. टीम एकमेकांशी बोलते का, पुढारीपण कोण घेतं, खोलीत काय चाललंय याचं भान कुणाला असतं, कुणी चुकत असेल तर दुसरा त्याला थांबवतो का. ऐकायला हे सगळं किरकोळ वाटतं. पण इमर्जन्सीत पेशंट दगावतात ते बऱ्याचदा औषध माहीत नसल्यामुळे नाही, तर ते माहीत असलेला माणूस गप्प बसल्यामुळे.

माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली आणि मुळात मी कमी बोलते. या कामात ते खपून जातं. असेसरने बोलायचं नसतं, बघायचं असतं.

ही टीम मावळातल्या एका ग्रामीण रुग्णालयाची होती. नाव सांगत नाही. ती पास झाली तर त्यांच्याकडे चोवीस तासांचा इमर्जन्सी विभाग सुरू होणार होता. खोली तयार होती, ऑक्सिजनची पाइपलाइन टाकून झाली होती, दारावरची पाटी रंगवून आत ठेवलेली होती. नापास झाली तर आजवर चाललं तसंच. गंभीर पेशंटला जेमतेम सलाईन लावायचं आणि अँब्युलन्समध्ये घालून पुण्याच्या दिशेने पाठवून द्यायचं. त्या रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी अडकलेली अँब्युलन्स ज्याने पाहिली आहे, त्याला जास्त सांगायला नको.

केस मधमाश्यांची होती. मावळात ही काल्पनिक गोष्ट नाही. गडावर कुणीतरी पोळ्याखाली धूर करतं, नाहीतर नुसता सेंट मारून येतं, आणि माश्या उठतात. काहींना त्या विषाची भयंकर ॲलर्जी येते. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, ब्लडप्रेशर कोसळतं. त्यावर औषध एकच, ॲड्रेनलिन. ॲम्प्युल म्हणजे औषधाची काचेची छोटी कुपी. त्यातलं अर्धं, मांडीच्या स्नायूत द्यायचं. तेच औषध पूर्ण ॲम्प्युल भरून थेट शिरेत ढकललं तर हृदयाचे ठोके असे उधळतात की ते बंदसुद्धा पडू शकतं.

म्हणजे डॉक्टरांची ऑर्डर चुकीची होती. तशी ती असणारच होती. चहाच्या वेळी मीच त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की या केसमध्ये तुम्ही एक चूक मुद्दाम करायची. टीममधलं कुणी तुम्हाला अडवतं का, एवढंच मला बघायचं आहे. डॉक्टरांना गंमत वाटली होती. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, गावात देवमाणूस म्हणून नाव असलेले गृहस्थ. “मला जरा जडच जाईल हो,” ते म्हणाले होते. “इतक्या वर्षांत सवय नाही.”

हॉलमध्ये आणखी एक माणूस होता. अँब्युलन्सचे ड्रायव्हर पोपटभाऊ. राहणार परंदवडी. टीमला लोणावळ्याला घेऊन आले होते आणि बसून कंटाळले होते, म्हणून आम्ही त्यांना पेशंटच्या मामाचं काम दिलं. त्यांनी ते मनावर घेतलं. “आवो डागतर, पोरगं निळं पडाया लागलंय आन् तुमी नुसतं बघताय व्हय? आईला काय सांगू त्याच्या?” असं ते सिस्टरांच्या कानाजवळ अगदी मनापासून ओरडत होते.

केस संपली. लॅपटॉपवर बसलेल्या माझ्या सहकाऱ्याने पाहुण्याचं ब्लडप्रेशर वर आणलं. मी पुढे होऊन मांडीवरच्या रबरी पॅडला हात लावला. पॅड ओलं होतं. शिरेत औषध द्यायची दंडावरची नळी कोरडी.

केसनंतर आम्ही सगळे गोल बसतो. त्याला डिब्रीफिंग म्हणतात. तिथे कोण चुकलं असं विचारायचं नसतं, काय घडलं ते विचारायचं असतं. नियम चांगला आहे. मी मनात वाक्य जुळवून घेतलं आणि मग तोंड उघडलं.

“सिस्टर, इंजेक्शन कुठे दिलंत?”

“मांडीत.”

“किती?”

“अर्धं.”

“आणि डॉक्टर काय म्हणाले होते?”

“पूर्ण. शिरेतून.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“तेच. पूर्ण, शिरेतून.” त्यांना माझ्या प्रश्नाचा रोखच कळत नव्हता.

डॉ. इनामदार मोठ्याने हसले. “अहो सिस्टर, ती मुद्दाम केलेली चूक होती. मॅडमनीच मला तसं करायला सांगितलं होतं. तुम्ही मला थांबवताय का, ते बघायचं होतं त्यांना.”

सिस्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

“मुद्दाम होती व्हय?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, नेहमीसारखीच.”

नितीनने मान खाली घातली. त्यावरून मला कळलं की त्यालाही हे माहीत आहे. फक्त एका माणसाला माहीत नव्हतं.

“नेहमीसारखी म्हणजे?” डॉक्टरांनी विचारलं. अजून ते थोडेसे हसतच होते.

पुढचं सगळं सिस्टरांनी एका दमात सांगितलं नाही. थांबत थांबत, पदराशी चाळा करत त्यांनी जे सांगितलं ते असं. डॉक्टरांना सगळं येतं, त्यात शंका नाही. पण गर्दी झाली, आरडाओरडा झाला की त्यांची जीभ घसरते. डाव्या हाताचा उजवा होतो, मांडीचं शिरेत होतं, एका औषधाच्या जागी दुसरंच नाव येतं. ते काय म्हणाले आणि त्यांना काय म्हणायचं होतं, यातला फरक सिस्टरांना कळतो. म्हणून त्या तोंडाने सरांची ऑर्डर परत म्हणतात आणि हाताने बरोबर ते देतात. अशी कितीतरी वर्षं झाली.

मला वाटलं, डॉक्टर चिडतील. ते चिडले नाहीत.

“मला सांगितलं का नाही?”

“तुमीच सांगितलंत, सर.” सिस्टर डॉक्टरांशी बोलताना एरवी शुद्ध बोलत. आता ते सुटलं होतं. “मी नवीन होते. विषबाधेची केस होती. आख्खी वाडी दारात उभी. तुमी एक औषध म्हणालात आन् मी म्हनलं, सर ते न्हाई, हे. तेवढंच. ते लोकांनी ऐकलं. पेशंट चांगला घरी गेला, तरी दुसऱ्या दिवशी माणसं आली, डॉक्टरला काय येतंय का म्हणून. खिडकीच्या काचा फोडल्या. तुमी मला केबिनमध्ये बोलावून म्हणालात, लोकांसमोर माझी चूक काढायची न्हाई. मग मी काढली न्हाई.”

“मी असं म्हणालो होतो?”

“व्हय.”

डॉक्टरांना ते अजिबात आठवत नव्हतं. चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी रागाच्या भरात एकदा म्हटलेलं एक वाक्य. तो दिवस त्यांच्यासाठी संध्याकाळी संपला असेल. सिस्टरांसाठी तो ड्यूटीचा नियम झाला होता.

“मग नंतर, मी एकटा असताना तरी सांगायचं,” डॉक्टर म्हणाले.

“नंतर सांगून काय, सर. पेशंट तर बरा झालेला असायचा.”

आमच्या पुस्तकांत आणि फॉर्मवर जी इमर्जन्सी रूम असते, तिला दार असतं. ते बंद होतं आणि आत फक्त टीम असते. तिथे नर्सने डॉक्टरला “थांबा” म्हणणं हा शहाणपणा आहे. या लोकांची इमर्जन्सी पेशंटच्या मामासमोर, सरपंचासमोर, मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या पोरांसमोर चालते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्यातून इतकी घट्ट बसलेली पद्धत तयार झाली असेल, हे मला कधीच सुचलं नसतं.

मी अजून त्याच विचारात होते, तोवर डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला. सिस्टरांना नाही. नितीनला.

“नितीन, या रजेवर असतात तेव्हा काय होतं?”

नितीन तिशीच्या आतला, मावळातलाच मुलगा. कामाला चांगला. त्याने वर पाहिलंच नाही.

“आमी तुमी सांगता तसंच करतो, सर,” तो म्हणाला.

पाहुण्याची छाती अजून वरखाली होत होती. मशीन बंद करायचं राहिलं होतं. तो फसफस आवाज एवढा मोठा असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. डॉक्टर म्हणाले, “बंद करा हो ते.” सहकाऱ्याने बंद केलं.

तेवढ्यात पोपटभाऊ दारातून डोकावले. “ताई, माझं झालं का अजून रडायचंय?” सहकाऱ्याने त्यांना हातानेच जायला खुणावलं. ते आल्या पावली परत गेले.

डॉक्टर सिस्टरांकडे वळले. “मागच्या वर्षी तुमच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हा तुम्ही पंधरा दिवस...”

“सर, नका,” सिस्टर म्हणाल्या.

ते थांबले. पण मोजणी त्यांच्या डोळ्यांत चाललेली दिसत होती. त्या पंधरवड्यात कोण आलं होतं, काय दिलं होतं, कोण पुण्याला गेलं आणि त्याचं पुढे काय झालं. त्यातून काही निघालं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

आता मार्क द्यायचे होते.

मी हॉलबाहेर व्हरांड्यात येऊन पुण्याला देशमुख मॅडमना फोन केला. त्या आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “फॉर्मवर प्रश्न काय आहे? ऑर्डर मोठ्याने परत म्हटली का. म्हटली?”

“म्हटली.”

“मग कम्युनिकेशनला पूर्ण मार्क. औषध बरोबर गेलं का, हे टेक्निकलमध्ये येतं. गेलं?”

“गेलं.”

“मग तिथेही पूर्ण. अडचण कुठे आहे?”

हिशोब चोख होता. आमच्या फॉर्मप्रमाणे ती तोवरची सगळ्यात चांगली टीम होती.

मी मॅडमना म्हटलं की अडचण नितीनच्या पॅडवर आहे. त्याने ऐकलं ते लिहिलं. पूर्ण ॲम्प्युल, शिरेतून. हा पेशंट खरा असता आणि पुण्याला गेला असता, तर तिथल्या डॉक्टरने ते वाचून पुढचा डोस रोखून धरला असता. कदाचित त्याच डोसची पेशंटला गरज असती. आणि दुसरी अडचण अशी की हा विभाग चोवीस तास चालणार आहे, पण शेळके सिस्टर चोवीस तास जागणार नाहीत.

“आणि कुणी कुणाला थांबवलं का, हा पण प्रश्न आहे फॉर्मवर,” मी म्हटलं. “त्याला मी शून्य देणार आहे.”

“या तालुक्यात आपल्याला एक तरी विभाग सुरू करून दाखवायचाय, हे लक्षात ठेव,” एवढंच म्हणून मॅडमनी फोन ठेवला.

मागे वळले तर सिस्टर उभ्या होत्या. हात धुवायला आल्या होत्या, की माझ्यासाठी, कोण जाणे. त्या म्हणाल्या, “मॅडम, मला काय ते नापास करा. मी ऑर्डर मोडली, असं लिहा. पण सरांच्या जिभेचं लिहू नका. लोकं सरांच्या नावावर येतात. ते नाव गेलं तर विभाग चालू करून तरी काय करायचंय?”

कुणाच्याही बाजूने बोलायची वेळ आली की मी गोलमोल बोलते. मी म्हटलं, “मी बघते,” आणि आत गेले.

आत डॉक्टर सोनेरी खुर्च्यांपैकी एकीवर बसले होते. माझ्या हातातल्या फॉर्मकडे बघून म्हणाले, “काय लिहिताय?”

मी खरं ते सांगितलं.

“लिहा,” ते म्हणाले. “आणि कारण पण लिहा. सिस्टरांचं नाही, माझं.”

मी लिहिलं. टीम नापास झाली. पाटी आतच राहिली.

पुढचे काही महिने मी त्या रुग्णालयात अधूनमधून जात होते. नापास टीमला पुन्हा तयार करणं आमचंच काम असतं. स्वागत कसं झालं, सांगायला नको. पोपटभाऊंनी पहिल्याच दिवशी ऐकवलं, “ताई, तुमच्या त्या एका कागदापायी मला रोज पुन्याला पळावं लागतंय. परवा एक बाई सोमाटण्याच्या पुढं गाडीतच बाळंत झाली. आता आतनं पोर रडतंय, फुडं ट्रक हटंना, मी काय करावं?” बाळ-बाळंतीण सुखरूप होते, हे त्यांनी मुद्दाम बऱ्याच वेळाने सांगितलं. सिस्टर माझ्याशी थेट बोलतच नव्हत्या. मी समोर असताना नितीनला म्हणायच्या, “मॅडमना विचार, चहा घेणार का.”

सराव चालला होता, पण घोडं एकाच जागी अडलं होतं. “सर, थांबा” हे दोन शब्द सिस्टरांच्या तोंडून निघत नव्हते. पाहुण्याला त्या म्हणायच्या, नितीनला म्हणायच्या, पोपटभाऊंना तर हसत हसत म्हणायच्या. डॉक्टर समोर आले की ओठ मिटले. मी इंग्रजी पुस्तकांतली वाक्यं मराठीत करून बघितली. ‘मला काळजी वाटते.’ ‘मला हे सुरक्षित वाटत नाही.’ सिस्टरांनी ती एकदा म्हणून बघितली आणि नितीनला हसू आवरेना. “नाटकात बोलल्यासारखं वाटतंय, मॅडम,” तो म्हणाला. खरंच वाटत होतं.

तोडगा डॉक्टरांनी काढला. एका सरावात सिस्टरांनी नेहमीप्रमाणे त्यांची ऑर्डर परत म्हटली, तेव्हा त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“मी काय म्हणालो ते मला माहीत आहे, सिस्टर. ते नका सांगू. तुम्ही काय देताय ते सांगा.”

एवढंच. थांबा म्हणायचं नाही, चूक काढायची नाही. आपला हात काय करतोय ते फक्त मोठ्याने सांगायचं. आणि नितीनने ऑर्डर लिहायची नाही, सिस्टरांच्या हातातून जे गेलं ते लिहायचं. पहिल्या दिवशी सिस्टरांचा आवाज अगदी बारीक होता. मग हळूहळू वाढला.

भातकापणी सुरू झाली तेव्हा त्यांची परीक्षा पुन्हा झाली. तोच हॉल. केस वेगळी. लोणावळ्याला आलेला पर्यटक, डायबिटीसचा, रस्त्यात बेशुद्ध पडलेला. सकाळी इन्सुलिन घेतलं आणि खाल्लं काहीच नाही, त्यामुळे रक्तातली साखर एकदम खाली गेलेली. अशा पेशंटला ताबडतोब शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं. मुद्दाम करायची चूक मी या वेळीही डॉक्टरांना सांगून ठेवली होती. ती पुढची होती. ग्लुकोज दिल्यावर साखर पुन्हा न तपासताच पेशंटला पुण्याला पाठवून द्या, असं त्यांनी म्हणायचं.

पोपटभाऊ या वेळी पेशंटचे थोरले भाऊ होते. “रोज इन्सुलिन घेतो वो, कधी चुकवत न्हाई,” ते ओरडत होते. “सकाळपास्नं पोटात काय न्हाई. चिक्कीचा तुकडा देऊ का तोंडात?” नितीनने त्यांना मागे सरकवलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालत नाहीत. डॉक्टरांनी साखर विचारली. नितीनने मशीनवरचा आकडा सांगितला, फार खाली होता.

“सिस्टर, इन्सुलिन काढा,” डॉक्टर म्हणाले.

मी लिहायची थांबले. साखर पडलेल्या माणसाला आणखी इन्सुलिन देणं म्हणजे त्याला मारणं.

सिस्टरांनी औषधांच्या ट्रेकडे पाहिलं. मग पोपटभाऊंकडे. ते अगदी जवळ, तोंड उघडं टाकून उभे होते. मग त्यांनी सिरिंज उचलली.

“मी ग्लुकोज देतेय, सर,” त्या म्हणाल्या. “शिरेतून.”

पोपटभाऊ भूमिकेत होते. त्यांनी संधी सोडली नाही. “म्हंजे? डागतर इन्सुलिन म्हनले ते चुकीचं व्हतं?”

“हो,” डॉक्टर म्हणाले. “माझं चुकलं. ग्लुकोज द्या, सिस्टर.”

पोपटभाऊंचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. डॉक्टर असं उत्तर देतील, हे त्यांच्या हिशोबात नव्हतं. ते दोन पावलं मागे गेले. सिस्टरांनी ग्लुकोज दिलं, कोणत्या शिरेत ते सांगितलं, नितीनने लिहिलं. साखर पुन्हा तपासून झाली. मी मार्क दिले. टीम पास झाली. पंधरवड्यात पाटी बाहेर लागली.

शेळके सिस्टर मात्र विभागाच्या इन्चार्ज झाल्या नाहीत. त्यांनी स्वतःहून बाळंतिणींचा वॉर्ड मागून घेतला. तिथे सरांशी काम पडत नाही, असं त्यांनी नितीनकरवी मला कळवलं.

परीक्षेच्या दिवशी मी लॅपटॉप बंद करत होते, तेव्हा डॉ. इनामदार जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, तुम्ही सांगितलेली ती चूक करायची राहूनच गेली. साखर तपासायला मीच सांगून बसलो. चालेल ना?”

मी म्हटलं, चालेल.

ते सामान उचलून गाडीकडे गेले. मी तिथेच उभी राहिले. इन्सुलिनचं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

आता मी कुठल्याच डॉक्टरला मुद्दाम चुकायला सांगत नाही. गरज पडत नाही. थोडा वेळ थांबावं लागतं, इतकंच.